गेटवरची सात वर्षं

मी देश सोडला त्या दिवशी पप्पा मला विमानतळावर सोडायला आले नाहीत. त्यांना ड्यूटी होती. सकाळी साडेसातला ते अंबरनाथच्या आमच्या खोलीच्या दारात चपला घालून उभे राहिले. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, नेहमीपेक्षा लहान. "पोचलीस की आईला फोन कर," म्हणाले आणि डब्याची पिशवी घेऊन निघून गेले.

टॅक्सी दुपारी एकला आली. आई माझ्याबरोबर विमानतळापर्यंत येणार होती. ड्रायव्हर सरळ मेन रोडला लागायला निघाला, तेव्हा मीच म्हटलं, "एमआयडीसीतून घ्या." पप्पांच्या कंपनीच्या गेटसमोर एक टँकर वळत होता, म्हणून आमची गाडी थांबली. पप्पा तिथंच होते. वॉचमनच्या केबिनपासून पाच-सहा पावलांवर, उन्हात, पाठ नसलेल्या लोखंडी स्टुलावर, डोक्यावर ओला रुमाल टाकून. मी काच खाली केली. त्यांनी पाहिलं आणि हात वर केला. मीही केला. टँकर वळला, आम्ही पुढे गेलो.

आई फाट्यापर्यंत रडत होती. मला काहीच झालं नाही. मी बॅगेतून पासपोर्ट काढला, आहे ना ते पाहिलं आणि परत ठेवला.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मध्यंतरी कुणीतरी लिहिलं होतं की बाहेर गेलेल्यांनी घर सोडल्याची आठवण लिहून पाठवा. दुबईवाल्यांनी पाठवली, पुण्यावाल्यांनी पाठवली. माझी राहिली होती, ती ही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी जाता-येता पप्पांना त्या स्टुलावर पाहिलंय. कुणाला वाटायचं, ते वॉचमन झालेत. कुणाला सगळं ठाऊक होतं, पण विषय काढायचा नव्हता. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

माझे पप्पा शांतवन गायकवाड. नगरकडचं आमचं मूळ. आजोबा अंबरनाथला कामासाठी आले आणि इथलेच झाले. पप्पा एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, कायम नोकरीत, वीस-एक वर्षांचे जुने. त्यांच्याबरोबर पालेगावचे बाळारामकाका होते. काकांची थोडी भातशेती होती, तिच्या चारही बाजूंनी आता बिल्डिंगी आल्यात. दोघांची जोडी. पप्पांच्या डब्यातली चपाती काका खायचे, काकांच्या डब्यातलं सुकट पप्पा. नाताळला काका आमच्याकडे यायचे आणि करंज्या मोजून नाही, मूठ भरून न्यायचे.

मी बारावीत होते. एका सकाळी मॅनेजरने काकांना टाकी साफ करायला आत उतरवलं. टाकीत वायू साचलेला होता. तोंडाला मास्क नव्हता, कमरेला दोर नव्हता. पप्पा टाकीच्या तोंडाशी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, आधी हवा मारून घेऊ." मॅनेजर म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे, माल थांबलाय." पाच मिनिटंही लागली नाहीत. काकांना वर काढलं तेव्हा ते गेले होते.

तिसऱ्या दिवशी शेठने पप्पांना केबिनमध्ये बोलावलं. एरवी शेठ कामगारांशी बोलत नसत. त्या दिवशी खुर्ची दिली, चहा दिला. पुढ्यात एक टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की बाळाराम दारू पिऊन कामावर आला होता आणि कुणी सांगितलेलं नसताना स्वतःच टाकीत उतरला. खाली तीन नावं होती. मॅनेजरने सही केली होती. दिनकर नावाच्या हेल्परने केली होती, तो तर त्या वेळी दुसऱ्या शेडमध्ये होता. तिसरी जागा पप्पांची.

शेठ म्हणाले, "शांतवन, तुझी मुलगी नर्सिंगला जाणार आहे ना? अॅडमिशनचं सगळं कंपनी बघेल."

पप्पांनी चहा संपवला. म्हणाले, "साहेब, तो दारू प्यायला नव्हता." कागद परत शेठकडे सरकवला आणि कामावर गेले.

हे मला पप्पांनी त्या वेळी सांगितलं नाही. आईने सांगितलं, आणि सांगताना पोळपाट असा आपटला की त्याची कड उडाली. "सही करायची आणि मोकळं व्हायचं. मेलेला माणूस काय परत येतोय?" नंतर मात्र तीच बेबीकाकीकडे पालेगावला गेली. बेबीकाकी म्हणजे बाळारामकाकांची बायको. तिच्याकडे दोन दिवस राहून तिची भांडी-धुणी करून आली. आई अशीच आहे. तोंडाने एक आणि हाताने दुसरं.

काकीने भरपाईसाठी कोर्टात केस केली. साक्षीदार एकच, पप्पा. काकीच्या वकिलाने पप्पांना बजावलं, "काहीही झालं तरी नोकरी सोडू नका. सोडलीत की ते म्हणतील, नोकरी गेलेला माणूस सूड म्हणून बोलतोय." कंपनीच्याही हे लक्षात आलं असणार. पप्पांना काढलं तर कोर्टात दिसेल, म्हणून काढलं नाही. एका सोमवारी मॅनेजर म्हणाला, "तुमच्यासाठी आत काम नाही. गेटवर बसा." वॉचमनने केबिनमधून स्टूल आणलं, तर मॅनेजरने ते केबिनच्या सावलीबाहेर ठेवायला लावलं, शेठची गाडी जिथून वळते तिथं.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, आठवडाभर चालेल.

सकाळी आठ ते साडेचार. पेपर वाचायचा नाही, मोबाइल काढायचा नाही, उठून फिरायचं नाही. बाथरूमला जायचं तर वॉचमनच्या वहीत लिहून. वॉचमनने चहा विचारायचा नाही. आतल्या कामगारांना तोंडाने कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनीही बोलणं बंद केलं. पावसाळ्यात छत्री चालायची. उन्हाळ्यात पप्पा सार्वजनिक नळावर रुमाल भिजवून डोक्यावर टाकायचे. पगार यायचा, ओव्हरटाइम गेला, बोनस गेला.

माझी अॅडमिशन त्या वर्षी झाली नाही. मार्क होते, फी नव्हती. मी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पमध्ये जीन्सच्या कारखान्यात लागले. शिवून आलेल्या पँटचे लोंबणारे धागे कापायचे. दिवसभर खाली मान, बोटं निळी. मालकीण एक सिंधी बाई होती, आम्ही तिला अम्मा म्हणायचो. तोंडाने फटकळ, पण दुपारी स्वतःच्या घरची कढी आणून सगळ्या पोरींना वाढायची. "साईं, खा ले पहले, काम कहाँ भाग रहा है," म्हणायची. एकदा तिने विचारलं, "तेरा बाप क्या करता है?" मी म्हटलं, "बैठता है." ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय.

संध्याकाळी आम्ही दोघं साधारण एकाच वेळी घरी यायचो. माझी मान अवघडलेली, त्यांची कंबर. घरात तेव्हा कुणी फारसं बोलायचं नाही. ताटं मांडायची, प्रार्थना व्हायची, जेवायचं. मी त्यांच्याशी भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी हळूहळू विचारणंच सोडलं. त्यांचा दिवस कसा गेला हे विचारण्यात काही अर्थ नव्हता आणि माझा कसा गेला हे सांगण्यातही नव्हता. माझ्या आत एक दिवा बंद झाला असं काही मी म्हणणार नाही. तेव्हा मला काही कळलंच नाही. एवढंच झालं की चर्चमध्ये गीत सुरू झालं की माझे ओठ हलायचे आणि मी मनात उद्याच्या पँटी मोजायचे.

एकदाच विचारलं होतं. रविवार होता, ते चपला पुसत होते. मी म्हटलं, "दिवसभर करता तरी काय तिथं?"

ते म्हणाले, "प्रार्थना. जो माणूस कार्ड पंच करून आत जाईल त्याच्यासाठी, नाव घेऊन. मग दिनकरसाठी. मग मॅनेजर. शेवटी शेठ."

"शेठसाठी कशाला?"

"त्याच्यासाठी नाही केली तर मला त्याचा राग येतो. आणि राग आला की बसवत नाही."

मला तेव्हा त्यांची चीड आली. आमच्या घरात इतकी शांतता होती की मला ती चीडही नीट ऐकू आली नाही. मी उठून कपडे वाळत घालायला गेले.

दुसऱ्या वर्षी तेव्हाचे पाळकसाहेब घरी आले. आता ते बदलून गेलेत, माणूस वाईट नव्हता. आमच्या उपासनेच्या हॉलचं छप्पर शेठच्या देणगीतून झालं होतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. पाळकसाहेबांनी चहा घेतला, आईची तब्येत विचारली आणि मग म्हणाले, "शांतवनराव, मंडळीवर त्यांचे उपकार आहेत. जरा विचार करा. धीराने घ्या."

पप्पा म्हणाले, "छप्पर चांगलं झालंय, पाळकसाहेब. यंदा एक थेंब गळला नाही."

बस, एवढंच. पाळकसाहेब कप खाली ठेवून उठले. पुढच्या रविवारी पप्पा नेहमीच्या बाकावर नेहमीच्या वेळी बसले होते.

त्याच वर्षी मला नगरकडच्या एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंगची सीट मिळाली. तिथं फी नावापुरती होती. मी हॉस्टेलला गेले आणि खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. सुट्टीत घरी यायचे, तेव्हा पप्पांचे केस आणखी पांढरे दिसायचे आणि मानेचा रंग आणखी काळा. गेट तेच. वर्षं मोजणं मी थांबवलं होतं.

चौथ्या वर्षीच्या मे महिन्यात मी सुट्टीवर आले होते. आई एका शाळेत शिपाई होती, शाळा बंद होती. एका दुपारी तिने डबा भरला, साडी बदलली, मला म्हणाली, "चल." आम्ही चालत कंपनीपर्यंत गेलो. आईने सोबत आणलेलं जुनं पोतं पप्पांच्या स्टुलाशेजारी पसरलं आणि त्यावर मांडी घालून बसली. वॉचमन धावत आला. "भाभी, इथं अलाउड नाही."

"स्टूल कंपनीचं आहे," आई म्हणाली, "रस्ता सरकारचा. मी रस्त्यावर बसलेय. तू तुझं काम कर."

तिने डबा उघडला, पप्पांच्या हातात चपाती-भाजी दिली आणि स्वतःही घेतली. मी उभी होते, मला बसवेना. तेवढ्यात शेठची गाडी आली. वळताना थांबली. मागच्या सीटवर शेठ होते, बाजूला त्यांची नातवंडं असावीत. आईने मान वर केली, नीट त्यांच्याकडे पाहिलं आणि खात राहिली. गाडी आत गेली. पप्पा हळूच म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." आई म्हणाली, "घाईत केली." मला वाटतं, त्या सगळ्या वर्षांत मी त्या दोघांना एवढं सुखात कधी पाहिलं नाही.

सहाव्या वर्षी मी आयर्लंडला आले. आधी उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात अनुभव घेतला, मग इंग्रजीची परीक्षा, मग इंटरव्ह्यू. इथं एका लहान गावातल्या नर्सिंग होममध्ये मी काम करते. तीस-पस्तीस म्हातारी माणसं आहेत, त्यांना आम्ही रेसिडेंट म्हणतो. सकाळी रात्रपाळीकडून हँडओव्हर, मग औषधांचा राउंड, मग आंघोळी, मग पुन्हा औषधं. इथली मॅनेजर म्हणते, "मार्था, यू आर सो काम," म्हणजे तू किती शांत आहेस. मी "थँक यू" म्हणते. रेसिडेंट वारले तर त्यांच्या मुली माझा हात धरून रडतात आणि मी टिश्यूचा डबा पुढे करते. लोकांना तो माझा धीर वाटतो. मला ठाऊक आहे तो काय आहे. पप्पांना दिवसाला शंभर माणसांसाठी काहीतरी वाटायचं, शेठसकट. मला एकासाठीही वाटत नव्हतं. बाहेरून दोघंही सारखीच गप्प दिसायचो.

सातव्या वर्षी पप्पांच्या साक्षीची तारीख लागली. त्याआधी किती तारखा पडल्या, किती वेळा कंपनीचा वकील आला नाही, हे सांगत बसत नाही. त्या दिवशी माझा दहाचा ब्रेक होता. मी लिनन रूममध्ये टॉवेलांच्या ढिगाशेजारी उभी राहून फोन लावला. पप्पांनी उचलला नाही, बेबीकाकीने उचलला. ती एकदम ओरडूनच बोलत होती.

"अगो मार्था, तुझ्या बापान सगला खरा खरा सांगलान!"

मग तिनेच सगळं सांगितलं. कंपनीच्या वकिलाने पप्पांना विचारलं, "तुम्हाला गेटवर बसवलं, म्हणून तुम्ही कंपनीवर राग काढताय?" पप्पा म्हणाले, "बसवलं हे खरं आहे. माणूस मेला हेही खरं आहे. मी दुसरं सांगायला आलोय." मग सांगितलं. सकाळी बाळारामने त्यांच्या डब्यातली अर्धी चपाती खाल्ली, चहा घेतला, तोंडाला वास नव्हता. मॅनेजरने काय म्हटलं, स्वतः काय म्हणाले, सगळं. दहा मिनिटांत झालं. सात वर्षांनी दहा मिनिटं.

पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. जेवणाच्या सुट्टीनंतर कंपनीने दिनकरला साक्षीला उभं केलं. त्याने कागदावर सही केली होती, तेच पुन्हा बोलायचं होतं. त्याला विचारलं, बाळारामला दारू पिताना पाहिलंत का? काकी सांगते, जजसाहेबांना दोनदा विचारावं लागलं. तेव्हा दिनकर म्हणाला, "नाही पाहिलं, साहेब. मी तिथं नव्हतोच. सही करायला सांगितली, केली." वकील भडकला. मग आज एकदम कसं आठवलं म्हणून ओरडला. दिनकर म्हणाला, "मी रोज गेटमधून आत जातो. तिथं शांतवन बसलेला असतो. सात वर्षं रोज बघतोय. आता नाही होत."

काकी फोनवर रडत होती. मी म्हटलं, "बरं झालं, काकी. पप्पांना द्या." पप्पा आले. म्हणाले, "जेवलीस का?" मी म्हटलं, "इथं सकाळ आहे, पप्पा." ते म्हणाले, "हां, विसरलोच." ब्रेक संपला. मी फोन ठेवला, दोन टॉवेल घेतले आणि आंघोळीला थांबलेल्या आजीबाईंकडे गेले. पाणी कोमट आहे ना ते हाताने पाहिलं. ते मला नीट कळत होतं, कोमट आहे म्हणून. बाकी काही कळत नव्हतं.

निकाल काकीच्या बाजूने लागला. कंपनीने अपील केलं नाही. शेठचं काही बिघडलं, असं समजू नका. त्यांनी ती जागा विकली, आता तिथं टॉवर होणार आहेत. मॅनेजर गुजरातला दुसऱ्या कंपनीत आहे. पप्पा त्याच वर्षी रिटायर झाले. शेवटच्या दिवशी हार नाही, नारळ नाही. त्यांनी वॉचमनच्या वहीत वेळ लिहिली, सही केली आणि घरी आले. कुणी माफी मागितली नाही. फक्त दिनकर बायकोला घेऊन एकदा घरी आला होता. जेवून गेला.

आई-पप्पा आता बदलापूरला राहतात, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या हिवाळ्यात मी तीन आठवडे गेले होते. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की पप्पा बसत नाहीत. ओट्याशी उभं राहून जेवतात, खिडकीशी उभं राहून पवित्र शास्त्र वाचतात. चर्चमध्येही मागे भिंतीला टेकून उभे राहतात. संध्याकाळ झाली की चालायला निघतात, चामटोलीच्या बाजूला, जिथं अजून थोडी शेतं शिल्लक आहेत. मी रोज त्यांच्याबरोबर जायला लागले.

चौथ्या की पाचव्या दिवशी, चालता चालता ते आपणहून म्हणाले, "तिसऱ्या वर्षी मी राजीनामा लिहिला होता."

मी थांबले. ते थांबले नाहीत, म्हणून मी पुन्हा चालायला लागले.

"महिनाभर खिशात होता. घामाने मऊ झाला. एक दिवस उठलो आणि द्यायला आत गेलो. मॅनेजर रजेवर होता."

"मग?"

"मग परत येऊन बसलो."

"दुसऱ्या दिवशी का नाही दिलात?"

"दुसऱ्या दिवशी बसता आलं," पप्पा म्हणाले. "त्याच्या दुसऱ्या दिवशीही आलं. असंच ते. तुम्हाला वाटतं, मी सात वर्षं बसलो. मी एकेक दिवस बसलो."

"मला का नाही सांगितलंत कधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या बघण्यात. "तू विचारलं नाहीस, मार्था."

त्या रस्त्यावर मला रडू आलं, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. आलं नाही. पण घशाशी काहीतरी आलं आणि घरी पोचेपर्यंत तिथंच राहिलं. बऱ्याच वर्षांनी काहीतरी राहिलं होतं, मला तेवढं पुरे होतं.

इथं लोक विचारतात, होम कुठलं? मी आधी अंबरनाथ म्हणायचे, मग मुंबईजवळ, मग नुसतं इंडिया. ती खोली आता दुसऱ्याची आहे. बदलापूरच्या फ्लॅटमध्ये माझं कपाट नाही, एका बॅगेत सगळं मावतं. तेव्हा घर म्हणून माझ्याकडे काय आहे, तर रविवारचा एकचा ब्रेक. तेव्हा तिकडे संध्याकाळ असते, पप्पा चालत असतात, फोन कानाला. दर रविवारी मी त्यांना एक गोष्ट विचारते, आधी कधी न विचारलेली. त्यांना बाळारामकाका स्वप्नात दिसतात का. आईशी भांडण झालं तर आधी कोण बोलायचं. पहिल्या दिवशी स्टुलावर बसले तेव्हा लाज वाटली का. ते उत्तर देतात, खोटं त्यांना कधी जमलंच नाही.

मागच्या रविवारी मी लिनन रूमचं दार लावून घेतलं आणि विचारलं, "पप्पा, तेव्हा तुम्हाला माझा राग यायचा का?"

पलीकडे रिक्षांचा आवाज होता. "थांब," ते म्हणाले, "रस्ता ओलांडतोय." मी थांबले. हॉर्न, कुणाची तरी हाक, एक कुत्रं.

"यायचा," पप्पा म्हणाले. "खूप यायचा. तू घरात असून नसायचीस. तुला माझा यायचा?"

"हो."

"मग सांग."

ब्रेक संपल्याची घंटी वाजली. मी दाराकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच ती वाजू दिली. टॉवेलांच्या ढिगाला टेकून मी सांगायला लागले, पहिल्या वर्षापासून, आणि पप्पा चालत राहिले.